शेवटचा नळ नसलेली लाइन

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी थेंबमास्तर स्टुलावर उभे राहून भिंतीला भोक पाडत होते. भोक अडीच इंची. आतून बाहेर जाताना ते बोटभर खाली उतरायला हवं होतं, म्हणून ड्रिलच्या पाठीवर त्यांनी दोऱ्यानं पाणसळ बांधली होती. तिच्यातला बुडबुडा रेघेच्या जरासा पलीकडे राहील इतपतच हात ते कलता धरत होते. खाली फरशीवर ओली चादर, म्हणजे धूळ उडायला नको. सात वाजून पाच मिनिटांनी भोक आरपार झालं. मास्तरांनी आतल्या तोंडातून अर्धा पेला पाणी सोडलं. सगळं बाहेर गेलं, आत एक थेंब परतला नाही.

"झालं का हो?" पलंगावरून बायकोनं विचारलं.

"भोक झालं."

"मग निम्मं गार वाटायलाच लागलं म्हणायचं."

खालच्या मजल्यावरून मेहुण्याचा आवाज आला. "भाऊजी, भिंत पाडायचीच असेल तर माणसं पाठवू का? सकाळी सकाळी किती हाल करून घेता!"

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. विमा एजंट. बोलणं हाच त्याचा व्यवसाय असल्यानं घरी तो फुकट बोलायचा.

मास्तर चौसष्ट वर्षांचे. त्यातली एक्केचाळीस वर्षं प्लंबिंगमध्ये गेली. थेंबमास्तर हे नाव त्यांना एका रुग्णालयाच्या तळघरात पडलं. तिथं भिंतीत कुठंतरी पाणी झिरपत होतं आणि तीन माणसांची तीन ठिकाणी भिंत फोडून झाली होती. मास्तरांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर भिंतीला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि पावलापावलानं सरकत गेले. एका जागी थांबून म्हणाले, "इथं. एका मिनिटाला बावीस थेंब." फोडलं तर तिथंच होतं. थेंब मोजायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अशा माणसाला भिंतीवर एक एसी बसवायला दुसऱ्या माणसाची गरज का पडावी, असं त्यांना वाटलं तर नवल नव्हतं. शिवाय घाई होती. दुकानदारानं मशीन त्याच दिवशी घरी पोचवलं, पण बसवणारा माणूस नऊ दिवसांनी येईल म्हणाला. उन्हाळ्यात सगळ्यांनाच एसी आठवतो.

नऊ दिवस थांबणं शक्य नव्हतं. बायकोला तीन वर्षांपासून मज्जातंतूंचा आजार होता. डॉक्टरांनी मास्तरांना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, की शरीरात ज्या वायरी असतात त्यांच्यावरचं आवरण जागोजागी विरलंय. अंगातली ऊब वाढली की मेंदूचे निरोप वाटेतच गळतात. थंडावा मिळाला की पुन्हा पोचू लागतात. मास्तर एवढंच म्हणाले होते, "म्हणजे गळती." डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा."

ते डोळ्यांनी दिसायचंही. सकाळी ती घरभर हिंडायची. दुपारी खोलीचा पारा तिशीच्या पुढे गेला की उजव्या डोळ्यापुढे धुरकट काच आल्यासारखं व्हायचं आणि पाय उचलायला सांगितले तरी उचलायचे नाहीत. ती कोटांची काजं हातानं करायची. शहरातल्या वकिलांचे कोट शिवणारा एक जुना टेलर गेली बावीस वर्षं काजं फक्त तिच्याकडेच पाठवायचा, कारण मशीनवरचं काज लांबून ओळखू येतं आणि तिचं येत नाही. या उन्हाळ्यात तिला दुपारी सुईत दोरा ओवता येईनासा झाला. आणि मागच्या शनिवारी, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या आठ पावलांत, ती पाचव्या पावलाला पडली. कपाळाला दोन टाके. डॉक्टर म्हणाले, खोली पंचवीसवर ठेवा. पुढच्या वेळी डोकं आपटेल की खुबा मोडेल, ते मी आता सांगू शकत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी सहा चाळीस.

"पाइप म्हणजे पाइप," मास्तरांनी आदल्या दिवशी मेहुण्याला सांगून टाकलं होतं. "पाणी वाहो नाहीतर वारा."

काम त्यांनी मन लावून केलं. गच्चीच्या कठड्याशी बाहेरच्या युनिटचे लोखंडी कंस ओळंब्याला लावून बसवले. आतलं मशीन भिंतीवर चढवलं. मग मशीनमधून ठिबकणाऱ्या पाण्याचा ड्रेन काढला, आणि हे तर त्यांचं घरचंच काम. हाताला अर्धं बोट असा एकसारखा उतार, कुठं पोट नाही, कुठं वाकडं वळण नाही. तळाशी साफसफाईसाठी तीन तोंडांची एक टी आणि बूच. शेवट बादलीत, तोही अशा कोनात की पाणी बादलीच्या भिंतीवरून घरंगळावं आणि टपटप होऊ नये. मग तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड आणि एक बारीक. त्यांची तोंडं कर्ण्यासारखी फुलवून कारखान्यातूनच आली होती. मास्तरांनी जोडाच्या आट्यांवर पांढरी टेप बारा वेढे गुंडाळली, नटाची चाकी चढवली आणि मोठ्या पान्यानं आवळली. एक्केचाळीस वर्षांत त्यांचा एकही जोड टेपेशिवाय गेला नव्हता आणि एकही गळला नव्हता.

बारा वाजून वीस मिनिटांनी मशीन सुरू झालं. दोनला खोली पंचवीसवर होती. मेहुणा स्वतःची खुर्ची घेऊन वर आला आणि वाऱ्याच्या झोतात बसला.

"भाऊजी, शब्द मागे घेतो. तुम्ही म्हणजे काय, कमालच."

बायकोनं दोरा तोंडात ओला केला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. मास्तरांनी ते पाहिलं आणि पान्यावरची धूळ पुसत बसले. रात्री आठला बादली मोजली. साडेसात लिटर. मोजायची गरज नव्हती, पण पाणी दिसलं आणि मोजलं नाही असं त्यांच्या हातून होत नसे.

मंगळवारी बादलीत पाच लिटर आलं. खोली सत्तावीसच्या खाली जाईना.

असं झालं की प्लंबरचा पहिला उपाय एकच असतो. मास्तरांनी आणखी मोठा पाना आणला आणि चाक्या अर्धा फेरा अजून आवळल्या. मग स्क्रू ड्रायव्हर जोडाला टेकवून मूठ कानाला लावली. दहा मिनिटं. काहीच आवाज नाही. ते खाली उतरले, हात धुतले आणि पुन्हा चढले. पुन्हा दहा मिनिटं.

"ऐकू येतं का काही?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग बरं आहे की."

"बरं नाही," मास्तर म्हणाले. "गळतंय, आणि मला ऐकू येत नाहीये."

बुधवारी दोन लिटर. बारीक नळीवर भर उन्हात पांढरं बर्फ धरलं होतं आणि खोली तिशीवर होती. साडेतीनला बायको न्हाणीघराच्या दारात पोचली आणि तिचा गुडघा कागदासारखा दुमडला. मेहुण्याची खुर्ची तिथं विसरलेली होती. तिनं खुर्चीची पाठ धरली म्हणून वाचली. मास्तर धावले तेव्हा ती उभी होती आणि हसायचा प्रयत्न करत होती.

"त्याची खुर्ची एकदाची उपयोगी पडली बघा."

मास्तर हसले नाहीत. चार वाजता ते त्यांच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या काउंटरवर त्यांनी माल मागितला नाही, माणूस मागितला. दुकानदारानं एका बाईचा नंबर दिला. एसीवाली म्हणूनच सगळे तिला ओळखायचे.

"नऊ दिवस लागतील का?" मास्तरांनी फोनवर विचारलं.

"नऊ दिवस दुकानांची रांग असते, काका. घरात कुणी आजारी आहे का?"

"बायको. तिला उष्मा चालत नाही."

"मग उद्या नऊला."

गुरुवारी ती नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. वय पस्तिशीच्या आसपास, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, हातात पंप. तो शिलाई मशीनच्या डोक्याएवढा आणि वजनालाही तितकाच. आल्या आल्या ती गच्चीच्या कठड्याशी गेली आणि थबकली.

"हा ड्रेन कुणी काढला?"

मास्तरांना वाटलं, तिथंही चुकलं. "का? काय झालं?"

"हेच ते गुन्हेगार," मेहुणा खुर्चीतून म्हणाला.

ती वाकली, उतारावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, बूच काढून पाहिलं, परत लावलं. "चौदा वर्षांत असा ड्रेन मी पाहिला नाही. माझेही असे नसतात." मग तिनं आत उरलेला गॅस एका सिलिंडरमध्ये ओढून घेतला, पाना लावून जाड नळीची चाकी सैल केली, आट्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काका, तुम्ही प्लंबर ना?"

"दुकानदारानं सांगितलं?"

"टेपनं सांगितलं. इलेक्ट्रिशियननं बसवलेलं मशीन असतं ना, त्याचं वायरिंग बघत राहावं असं असतं आणि पाणी पलंगावर पडतं. सुताराचं असलं की भिंतीवरून हलायचं नाव नाही, पण बाहेरच्या युनिटला त्यानं छान कपाट केलेलं असतं आणि ते आत गुदमरतं. आणि आट्यांना टेप असली की प्लंबर."

"आणि विमा एजंटनं बसवलं तर?" मेहुण्यानं विचारलं.

"ते बसवत नाहीत. बसतात."

बायको आतून मोठ्यानं हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

एसीवालीनं नळीचं तोंड मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरलं. तिथं तेलाचा ओला डाग होता. "गॅस जाताना दिसत नाही. ऐकूही येत नाही, इतका बारीक जातो. पण जाताना तेल सोडून जातो. पाण्याच्या जोडात अडवणूक आट्यांमध्ये असते, म्हणून तुम्ही टेप लावता. इथं आटे फक्त दाबायला. अडवणूक या तोंडावर असते. धातूवर धातू, मध्ये केसही नको. टेपनं चाकी पुरती बसलीच नाही, आणि नंतर तुम्ही आवळली तेव्हा हे बघा."

मास्तरांनी चष्मा चढवला. तांब्याच्या कर्ण्यावर केसाएवढी चीर होती. अर्ध्या फेऱ्याची.

"हवा काढली होतीत का सुरू करताना?"

"पाण्याच्या लाइनीत हवा आपली आपण निघते," मास्तर म्हणाले. "शेवटचा नळ उघडा ठेवायचा."

"इथं शेवटचा नळच नाही, काका."

मास्तर कठड्याशी उभे राहून दोन नळ्यांकडे पाहत राहिले. एक बाहेरून आत येत होती, दुसरी आतून बाहेर जात होती. चार दिवस त्या त्यांच्या हाताखाली होत्या आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पुरवठा नाही, टाकी नाही, निचरा नाही.

"म्हणजे आत जे आहे तेच फिरत राहतं?"

"पंधरा-पंधरा वर्षं. थेंबभर कमी होत नाही, झालं तर कुणीतरी चुकलेलं असतं. आतली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची, रिकाम्या हातानं परत यायचं."

पुढचा तासभर मास्तर तिच्या हातांकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना आपलं काम बघत उभं राहिलेलं पाहिलं होतं. आता ते स्वतः तसे उभे होते. तिनं नळीचं तोंड कापलं, आणि कड घासताना ते जमिनीकडे वळवून धरलं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडणार नाही. मग नळी एका ठोकळ्यात अडकवून वरून शंकूचा स्क्रू फिरवला. तांबं हळूहळू, न फाटता, फुलासारखं उघडलं. तिनं करंगळी आतून फिरवली, नापसंतीचा आवाज काढला, तेवढा तुकडा कापून टाकला आणि पुन्हा केलं. मास्तरांना पहिल्या तोंडात काहीच खोट दिसली नव्हती. दुसऱ्या वेळी तिनं त्यावर तेलाचा एकच थेंब ठेवला, चाकी हातानं शेवटपर्यंत फिरवली आणि मग एक लांब पाना लावला. ठरावीक जोर झाला तशी त्यानं 'टक्' केलं आणि ती थांबली. मास्तरांच्या मनगटाला तिथून पुढे अर्धा फेरा हवा होता. त्यांनी हात मागे बांधले.

"आता लाइन रिकामी झाली," चारही जोड झाल्यावर ते म्हणाले.

"रिकामी नाही. हवा आहे आत. आणि हवेत पाणी."

"हवेत कुठलं पाणी?" मेहुण्यानं विचारलं.

मास्तर कठड्याखालच्या बादलीकडे पाहत होते. सोमवारी साडेसात लिटर. घरातल्या कुठल्याही नळाशी न जोडलेल्या मशीनमधून. ते पाणी त्यांनी मोजलं होतं, झाडांना घातलं होतं, आणि ते आलं कुठून हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता.

"ते पाणी आत राहिलं तर गोठतं, बारीक भोकात अडतं, तेल नासतं," एसीवाली म्हणाली. तिनं पंप जोडला आणि शेजारी तळहाताएवढा एक मीटर लटकवला. "हा आकडा म्हणजे आतली हवा किती उरली ते. आत्ता आपण जी हवा घेतोय तिचा आकडा सात लाख साठ हजार. तो मला पाचशेच्या खाली हवाय."

दहा चाळीसला पंप सुरू झाला. आकडा पन्नास हजारांवर आला, मग तीस हजारांवर.

"आता आत पाणी असेल तर ते उकळतंय," ती म्हणाली.

मास्तरांनी नळीला हात लावला. नळी खोलीइतकीच होती, कोमट. "कशानं उकळतंय?"

"कशानंच नाही. वरचा दाब काढून घेतला. दाब नसला की पाण्याला उकळायला विस्तव लागत नाही."

एक्केचाळीस वर्षं मास्तरांनी पाण्यावर दाब दिला होता. दहा मजले चढवलं होतं, रस्त्याखालून नेलं होतं. दाब काढून घेतला तर पाणी काय करतं हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी नळीवरचा हात काढला नाही.

खोली आतापर्यंत बत्तिसावर गेली होती. बायको पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर एक काळा कोट, हातात सुई. उजवा डोळा मिटून ती डाव्यानं दोऱ्याकडे बघत होती आणि दोरा सुईच्या शेजारून जात होता. तिनं सहा वेळा प्रयत्न केला. मग सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली आणि पायाची बोटं हलतात का ते बघत बसली. मास्तर दारातून पाहत होते.

अकरा वीसला आकडा चारशे वीस झाला. एसीवालीनं झडप फिरवून पंप बंद केला. एकदम शांतता झाली.

"आता पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. आकडा पाचशेच्या वर गेला तर कुठंतरी गळतंय, नाहीतर पाणी उरलंय. मग सगळं पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे किती वेळ?"

"दुपार जाईल."

तिघंही त्या मीटरकडे पाहू लागले. मेहुणासुद्धा खुर्चीतून उठला. चारशे चाळीस. चारशे पंचावन्न. मास्तरांना सवयीनं स्क्रू ड्रायव्हर आठवला, पण कान लावायला आत आवाज होईल असं काही उरलंच नव्हतं. चारशे एकाहत्तर. बायकोनं पलंगावरून विचारलं, "किती?" आणि कुणीतरी सांगितलं. चारशे शहात्तर. चारशे अठ्ठ्याहत्तर. मग तो आकडा तिथं उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, सहा मिनिटं. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ जोड तपासले होते. काहीच न घडणं इतका वेळ आणि इतक्या जवळून त्यांनी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आत्ता आपल्या घरात अशी एक जागा आहे जिथं जवळजवळ काहीच नाही," बायको म्हणाली.

"आहे," एसीवाली म्हणाली.

"मग तिथं तरी यांचा पसारा नसेल."

अकरा पस्तीसला तिनं वजनकाट्यावर सिलिंडर ठेवला आणि मशीनच्या पाटीवर लिहिलं होतं तेवढा, सातशे वीस ग्रॅम गॅस मोजून सोडला. अकरा पंचावन्नला मशीन सुरू झालं. जोडांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. सामान आवरताना तिनं मास्तरांच्या ड्रिलकडे बोट दाखवलं. पाणसळ अजून तशीच बांधलेली होती.

"हे कसं बांधलंत? मी नजरेनं धरते, आणि दहांतलं एक भोक उलट्या उतारानं जातं."

मास्तरांनी तिचं ड्रिल मागून घेतलं, खिशातून दोरा काढला आणि गाठ तीनदा दाखवली. तिसऱ्यांदा तिनं स्वतः बांधली. मास्तरांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "अर्धा फेरा अजून." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "दोऱ्याला चालतं," ते म्हणाले.

एक वाजता खोली पंचवीसवर आली. एक वीसला बायको पलंगावरून उठली. मास्तर न्हाणीघराच्या बाजूला सरकले, पण हात पुढे केला नाही, कारण तिला ते आवडत नसे. पाचव्या पावलाशी ती जराशी थांबली, फरशीकडे पाहिलं आणि पुढे गेली. आठ पावलं जाताना, आठ येताना. भिंतीला बोट लागलं नाही.

"मोजत होता ना?" तिनं विचारलं.

"सवय आहे."

ती बसली, कॉलरवरची सुई काढली, दोरा ओला केला. तो पहिल्या वेळी गेला नाही. दुसऱ्या वेळी गेला. मास्तरांनी बादली रिकामी करून ड्रेनखाली सरकवली आणि कठड्याशी बसून राहिले. तेवढ्यात एक थेंब उतारावरून आला आणि आवाज न करता बादलीच्या भिंतीवरून खाली गेला. मास्तरांनी वर आभाळाकडे पाहिलं, मग त्या थेंबाकडे. मेहुणा त्याची खुर्ची खाली न्यायला निघाला होता.

"खुर्ची राहू दे," मास्तर म्हणाले. "दाराशी."

उद्या शुक्रवार. टेलरचा माणूस सकाळी साडेनऊला अकरा कोट घेऊन येईल. एका कोटाला चार, म्हणजे चव्वेचाळीस काजं. मशीन अकरा वाजता पंचवीसवर सुरू होईल, आणि बादली रात्री आठला मोजली जाईल.